रुपरावच्या बोटांचे डोळे

रुपराव हाडवैद्य माणसांना गुरासारखं ओरडायला लावायचा आणि लोक त्यालाच दुवा देत घरी जायचे. गांधीबागेमागच्या बोळात त्याची ओसरी. गठ्ठ्याखाली सापडलेला हमाल, आखाड्यात खांदा निखळलेला पैलवान, नवऱ्यानं मनगट मोडलेली बाई, सगळे तिथंच. दोघं जण दुखणाइताला दाबून धरायचे, रुपराव डोळे मिटून बोटं फिरवायचा आणि एका झटक्यात हाड जागेवर!

ही विद्या त्याच्या अंगात मारूनच भरलेली. बाप पोत्यात मडकं घालून फोडायचा, पोत्याचं तोंड बांधायचा आणि बाहेरून चाचपत तुकडे जुळवायला लावायचा. चुकला की पाठीवर बांबू. सहा वर्षं पाठ निळी होती, पण बोटांना डोळे फुटले.

एकाहत्तर साली सीताबर्डीवर एक्स-रेचं दुकान निघालं. पहिल्यांदा एकानं प्लेट आणली तेव्हा रुपराव खदखदून हसला, "फोटो काहून आणला गा? लगन जमवून राहिला का?"

पण प्लेटमध्ये तेच दिसलं जे त्याच्या बोटांना लागलं होतं, आणि गडी खूश झाला. मग तो आधी प्लेट पाहून नंतर हात लावू लागला. पुढं नुसती प्लेट. पेशंटलाही बरं, चाचपण्याचा त्रास वाचला. बायको गोपिका एकदा म्हणाली, "आता तुमचा हात प्लेटीले लागते, माणसाले नाही लागत." त्यानं हातातला पितळी लोटा तिच्यावर फेकला. कपाळ फुटलं. खरं बोललेलं त्याला कधी सोसलंच नाही.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात नळावरच्या भांडणात त्याच्या धाकट्या भावाच्या, कृष्णकांतच्या उजव्या खांद्यावर कुणीतरी लोखंडी सब्बल हाणली. कृष्णकांत हातमागावर विणायचा. त्याला खाटेवर घालून आणलं. सकाळपासून शहरात वीज नव्हती, एक्स-रे बंद.

"दादा, हात वाचव रे. मागावर बसाचं हाय मले."

"मोठ्या दवाखान्यात न्या त्याईले," गोपिका म्हणाली.

"तू चूप राय वं!"

रुपरावनं डोळे मिटले, बोटं ठेवली. सूज लागली, ऊब लागली, घाम लागला. हाड काही बोलेना. त्यानं पुन्हा दाबलं, कृष्णकांत किंचाळला, तरी काही कळेना. बोळात पंधरा-वीस माणसं माना उंचावून उभी होती. 'मले समजत नाही' हे तीन शब्द त्या माणसाला म्हणता आले नाहीत.

"खांदा उतरला फक्त," तो म्हणाला. काखेत टाच रोवली आणि ओढलं. कट्कन आवाज झाला. सांधा बसल्याचा आवाज तो नव्हता, एवढं त्याला नक्की कळलं. लोक पाहत होते म्हणून त्यानं पुन्हा ओढलं. कृष्णकांतची शुद्ध हरपली. मग बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या.

तिसऱ्या दिवशी हात काळा पडला. दवाखान्यात डॉक्टरनं खांद्यापासून कापला. हाड मोडलेलं होतं, ओढल्यावर त्याच्या टोकानं आतली रक्तवाहिनी फाडली होती. न ओढता आणलं असतं तर हात राहिला असता, असं डॉक्टर सरळ तोंडावर म्हणाला.

दीड महिन्यानं कृष्णकांत ओसरीवर आला. उजवी बाही खिशात खोचलेली.

"एक सांग दादा. हात लावला तवा तुले समजलं होतं का काही?"

रुपरावनं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाला, "नाही."

कृष्णकांतनं उरलेल्या हातानं असा ठोसा मारला की रुपराव खांबावर आदळून खाली बसला. तोंडातून रक्ताची धार लागली, जबडा एका बाजूला लोंबला. कृष्णकांत मागं न पाहता निघून गेला.

रुपरावनं दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा चाचपला. आयुष्यात असे शंभर जबडे त्यानं बसवले होते. मोडलाय की निखळलाय? त्यानं डोळे मिटले, पुन्हा चाचपला, दुखून कळवळला. दहाही बोटं स्वतःच्याच गालांवर आणि काही उमगेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

गोपिका पुढं आली. "मोडलं का हो?"

बोलता येत नव्हतं. त्यानं रक्तानं माखलेल्या बोटानं हवेत प्लेटीएवढा एक चौकोन काढला आणि सीताबर्डीकडं हात केला.