मळ्यातला दुसरा श्वास

मी बी.एस्सी. फिजिक्स, आमच्या घरातला पहिला पदवीधर. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसायचो... म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली.

आम्ही नाशिकजवळ मखमलाबादचे. माझ्या कॉलेजसाठी आईनं दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत काम केलं. नाना, म्हणजे वडील, आमच्या मळ्यातला झेंडू मार्केटात ओरडून विकायचे. अठ्ठ्याण्णव साली घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. श्वास गळ्याच्या भोकातून — फुस्स्, फुस्स्. नानांना लिहिताही येत नव्हतं. आई म्हणायची, "देवा, निदान एक शिवी तरी घाल यांच्या तोंडात!"

वॉर्डात निफाडचे अण्णा भेटले. त्यांचंही तेच ऑपरेशन, पण बोलायचे! हवा गिळायची, ढेकरासारखी वर आणायची, तिचेच शब्द करायचे. "नाना, तू लय बोलशील. सराव सोडला की संपलं." दर शनिवारी दुपारी मळ्यात शिकवायला यायचे.

चार शनिवार आले. मग त्यांच्या मुलाचा माझ्या ऑफिसात फोन — अण्णा हार्ट अटॅकनं गेले. नाना खचतील, सराव सोडतील, म्हणून मी थाप मारली, "अण्णा लेकीकडे सटाण्याला गेलेत." आईलासुद्धा खरं सांगितलं नाही.

तरी नाना शनिवारी विहिरीजवळ जाऊन बसायचे. एकदा भर दुपारी मी डबा घेऊन गेलो. पाठमोरे, एकटेच. ढेकर काढायचे, थांबायचे, मान डोलवायचे... कुणी चूक दाखवावी तसं. लाईट नव्हती, मोटर बंद. वारा नाही. आणि मला ऐकू आलं. फुस्स्... लगेच शेजारून, जरा संथ — फुस्स्.

नानांनी भोकावर तळवा ठेवला. त्यांचा आवाज थांबला. दुसरा चालूच राहिला.

डबा तिथंच ठेवून मी परत फिरलो.

दोन महिन्यांनी आई भाकरी थापत होती. नानांनी मला हातानं बोलावलं. हवा गिळली.

"अण्णा... गेला. का... लपवलं?"

"बोलले! अहो, बोलले!" आई पिठाच्या हातांनीच रडायला लागली.

"नाना, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानंच."

मी निफाडला जाऊन अण्णांच्या मुलाला विचारलं. फोन त्यानं मला एकट्यालाच केला होता, त्यांच्या घरचं आमच्याकडे कुणी आलंच नव्हतं.

नाना पुढं अकरा वर्षं नाशिकच्या द्वारका चौकात फुलं विकत बसले, आणि गिऱ्हाइकाला भाव स्वतःच्या तोंडानं सांगितला.