दसरूने पारखलेला चाकू

ऐंशीच्या दशकातल्या एका ऑगस्टमध्ये आमच्या इंजिनीअर युनिटला हुकूम आला. सिरोंचा, पूर मदत, ताबडतोब निघा. पाच गाड्या, चार बोटी, एक सुभेदार साहेब आणि बत्तीस जवान. मी नायक होतो, बोटीची मोटर चालवायचो. माझं गाव चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळ, म्हणून 'लोकल आदमी' या नावाखाली यादीत मी पहिला. दुसरा लान्स नायक दसरू मडावी. तो धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका पाड्यावरचा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणायचा. अख्ख्या युनिटमध्ये आमची बोली बोलणारे आम्ही दोघंच.

हुकूम येण्याच्या दोन दिवस आधी स्टोअरमधून घडीचे नवे चाकू मिळाले. जुने काळ्या मुठीचे, जड चाकू जमा करून घेतले. नव्यांची मूठ आरशासारखी चकचकीत. त्यात पातं, पेचकस, डबा उघडायची नख्खी, वर जेवायचा काटासुद्धा.

दसरूने पातं उघडलं आणि दोन बोटांत धरून हलवलं. ते पडायला आलेल्या दातासारखं हललं.

"भाऊ, याची खीळ पाह्य. हे टिकत नाई."

मी क्वार्टरमास्टर हवालदाराला सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"उस्ताद, पिन ढीली है."

"तुझे उससे शादी करनी है? साइन करो."

मी सही केली. हे लिहितानाही त्या सहीचा मला संताप येतो.

चंद्रपूरला दुपारी अडीचला पोहोचलो. पुढे नाल्यांवर पाणी होतं, रस्ता बंद. साडेचार ते साडेसहा बाहेर जायची मुभा मिळाली. दसरू म्हणाला, "चाल, चाकू घेऊ. हा खिशात असला का मले नंगं वाटते."

गोल बाजारात एक लोहारीण बाई पोतं अंथरून बसली होती. विळे, अडकित्ते, खुरपी आणि एका टोपलीत घडीचे चाकू. आजकाल शेजारचे लोक मला विचारतात, रोजच्या वापराला स्वस्तातला चाकू कोणता घ्यावा. मी त्यांना त्या दिवशी दसरूने जे केलं तेच सांगतो. त्याने मुठीचा रंग पाहिलाच नाही. प्रत्येक चाकू उघडला, पातं डावी-उजवीकडे दाबलं. हललं की टोपलीत परत. मग पात्याची पाठ पोत्याखालच्या दगडावर टेकवून जोर दिला. पातं मिटायला लागलं की तोही परत.

बाई वैतागली. "घेनं आहे का नाई रे? दाबू दाबू मोडशीन एखांदा."

"मोडनं असन तं इथीच मोडू दे बाई. पान्यात मोडून काय फायदा?"

"पान्यात कुठी चालला?"

"सिरोंचाले. पूर आहे."

मग तिने मागच्या पिशवीतून दोन चाकू काढले. लाकडी मूठ, काळसर पातं, चार बोटांएवढं. उघडलं की खाली लोखंडी कडं फिरवायचं, मग पातं मिटत नाही. दसरूने हात पाण्याच्या मडक्यात बुडवला आणि ओल्या हाताने चाकू उघडून पाहिला. तीनदा. मग टोपलीच्या कामटीचा एक छिलका काढला.

"याले गंज चढते," बाई म्हणाली. "तेल लावत जा. चमकणाऱ्याले चढत नाई, पण त्याले धारही राहत नाई."

दोन्ही चाकू आमच्या चहा-नाश्त्याच्या पैशांत आले. मुठीला भोक होतं. दसरूने त्यात दोरी ओवली आणि चाकू गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी नाल्यांचं पाणी उतरलं, सिरोंचाला पोहोचलो आणि लगेच किट इन्स्पेक्शन. सुभेदार साहेबांनी दसरूच्या गळ्यातली दोरी ओढली.

"ये क्या है?"

"चाकू, साब."

"इश्यू का कहाँ है?"

दसरूने चकचकीत चाकू खिशातून काढून दाखवला.

"तो फिर? प्रायव्हेट आयटम ड्यूटी पर नहीं. जमा करो."

मी म्हणालो, "साब, इश्यू का चाकू कमजोर है."

"रामटेके, तू नायक है कि कर्नल?"

आमचे दोन्ही चाकू एका पत्र्याच्या पेटीत गेले. पेटीला कुलूप लागलं. मी गप्प बसलो. शिस्तीचा माणूस गप्प बसतो, असं आम्हाला शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपासून आम्ही गोदावरीकाठच्या एका वस्तीतून माणसं काढत होतो. तेलुगू बोलणारी कोळ्यांची वस्ती. लोक देवळाच्या ओट्यावर उभे होते, पाणी पोटरीपर्यंत. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत बोटीत नऊ जण. मी मागे मोटरवर, दसरू पुढे बांबू घेऊन.

अकरा वीसला मोटरने आचका दिला आणि बंद पडली. पाण्याखाली मासेमारीचं मोठं जाळं ताडाच्या झाडांना अडकून राहिलं होतं. त्याची जाड दोरी पंख्याला गुंडाळली गेली. धार बोटीला पुढे ढकलत होती आणि दोरी मागे ओढत होती. बोटीचा मागचा काठ खाली दबला, पाणी आत यायला लागलं. बायका ओरडू लागल्या.

मी रेडिओ उचलला. "वन फॉर थ्री. प्रॉप फाउल. बोट पानी ले रही है. ओव्हर."

"थ्री, वेट. टू को भेजता हूँ. टाइम बीस मिनट. ओव्हर."

आमच्याकडे पाच मिनिटंही नव्हती. मी चकचकीत चाकू काढला, वाकलो आणि दोरी कापायला लागलो. तिसऱ्या ओढीला पातं मागे मिटलं. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर. हाडापर्यंत. चाकू पाण्यात गेला.

दसरू माणसांवरून पाय टाकत मागे आला. "सरक भाऊ." त्याने स्वतःचा चाकू लावला. दोरी अर्धी कापली आणि खीळ उडाली. मूठ बोटीत पडली. पातं त्याच्या हातात राहिलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याची ती नजर मी अजून कुणाला सांगू शकलेलो नाही. मग उघडं पातं मुठीत आवळून तो पाण्यात उतरला.

"काऊन उतरतं? थांब!" मी ओरडलो.

"बोट बुडून राह्यली ना!"

एक हात काठावर, दुसरा पाण्याखाली. अर्ध्या मिनिटात दोरी तुटली. बोट सुटली आणि धारेबरोबर झेपावली. काठावरचा त्याचा हात सुटला. त्याचे पाय जाळ्यात होते. मी बांबू पुढे केला, तो त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. त्याचं डोकं दोनदा वर आलं. तिसऱ्यांदा आलं नाही. मी एका हाताने त्याच बांबूने बोट ताडांपासून दूर ठेवत होतो, दुसऱ्या हातातून रक्त गळत होतं आणि समोर नऊ माणसं होती. मागे फिरता येत नव्हतं. बोट नंबर टू बारा वाजायला पाच मिनिटं असताना तिथं पोहोचली.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, त्याच जाळ्यात. कमरेपर्यंतचं जाळं त्याने कापलं होतं. गुडघ्याखालचं राहिलं होतं. पातं अजून मुठीत होतं आणि तळहात उभा फाटला होता. मूठ नसलेल्या पात्याने माणूस किती कापणार?

त्या वेळी कडं असलेला चाकू तंबूतल्या पेटीत, कुलपात होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी एक दिवस चालली. मी पट्टी बांधलेल्या हाताने ती चकचकीत मूठ टेबलावर ठेवली. क्वार्टरमास्टर हवालदाराने सांगितलं की हे चाकू किरकोळ कामाचे आहेत, जाळं कापायला वापरले तर तो गैरवापर.

मी म्हणालो, "साब, तो चाकू किस काम का है? केला काटने का?"

"स्टिक टू फॅक्ट्स, नायक."

फॅक्ट्स मी सांगितल्या. खीळ सैल होती, आम्ही आधी सांगितलं होतं, आमचे चांगले चाकू काढून घेतले. टाइप होऊन आलेल्या कागदात त्यातलं एकही वाक्य नव्हतं. वेगवान प्रवाहात पाय घसरून मृत्यू, इश्यू साहित्य सर्व्हिसेबल, म्हणजे वापरायोग्य, एवढंच. मी त्या कागदावर सही केली नाही. माझ्या सहीवाचून तो पुढे गेला. ज्याने ते चाकू पसंत केले त्याने एकदा तरी पातं उघडून दाबलं होतं का, हे मला कोणी सांगितलं नाही. एक माणूस गोल बाजारात उकिडवा बसून दहा मिनिटांत जे पारखतो, ते खुर्चीवर बसलेल्यांना दिसलं नाही. त्यांना काटा दिसला, पेचकस दिसला, चमक दिसली.

छावणीतल्या फलकावर दसरूचं नाव नाही. मी अर्ज केला. फलक फक्त लढाईत पडलेल्यांसाठी आहे, असं उत्तर आलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी रजा घेऊन त्याच्या पाड्यावर गेलो. धानोऱ्यापर्यंत एसटी, पुढे पायी. मेलेल्या माणसासाठी दगड उभा करायची तिथं रीत आहे. दगड आणून ठेवला होता, खड्डा खणला होता. दसरूचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ माझी आखडलेली दोन बोटं पाहत राहिले.

"कागदात लिवलं का पाय घसरला," ते म्हणाले. "पोरगं नदीत वाढलं. त्याले पोहता येत होतं."

"हो बाबा. येत होतं."

"मंग?"

जे मला कागदावर लिहू दिलं नाही ते मी त्यांना सांगितलं. खीळ, पेटी, कुलूप, जाळं, फाटलेला तळहात. माझी सहीसुद्धा सांगितली. काही झाकलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "बोटीतले लोकं?"

"नऊच्या नऊ वाचले. त्यात दोन लेकरं."

म्हातारा उठला. जमलेल्यांना त्यांनी गोंडीत सगळं सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण दसरूचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. मग बाप्ये दगडाला भिडले. मीही हात लावला. कोणी मला बाजूला हो म्हणालं नाही.

दगड उभा राहिला. त्यावर अक्षर नाही. पण त्या पाड्यावर कोणालाही विचारा, तो बोट दाखवून सांगतो, हा दसरू.