दोनशे अठरा नंबरची पिल्लं

हेडविगबाई श्टेंगेले कुणाशीही बोलायच्या त्या असं, की समोरच्यानं आपण काय चुकलो ते आधीच आठवायला लागावं. हात मात्र लोण्यासारखे चालायचे. ट्यूबिंगेनच्या टेकडीवरच्या संस्थेत येण्याआधी एकवीस वर्षं त्या बनियनच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा वय बावन्न. मुलाखतीत विचारलं, "सजीवांसोबत कामाचा अनुभव?"

"नवरा आहे घरी," बाई म्हणाल्या. नोकरी मिळाली.

काम असं. झेब्रामाशाची पाच दिवसांची पिल्लं, पावावरच्या शहाजिऱ्याएवढी. औषधात मारून मुरवलेल्या पिल्लाच्या उजव्या डोळ्यात काचेच्या बारीक सुईनं लाल रंग सोडायचा. रात्रीतून तो रंग डोळ्यातून निघालेल्या तंतूंमधून सरकत मेंदूपर्यंत जातो. सकाळी डोळे काढून टाकायचे आणि लाली कुठं पोचली ते पाहायचं. अंड्यात वाढताना प्रत्येक तंतूच्या टोकाला इवलासा पंजा असतो. तो वाटेतल्या पेशींना चाचपत, कुणाकडे ओढला जात, कुणापासून अंग चोरत पुढं जातो. दोन्ही डोळ्यांचे तंतू मध्ये एका चौकात भेटतात आणि तिथं बाजू बदलतात. उजव्याचे डावीकडे, डाव्याचे उजवीकडे. बाईंनी दीड वर्षात हजारो पिल्लं पाहिली होती, आणि चौकात कुणी चुकलं नव्हतं.

दोनशे अठरा नंबरच्या टाकीतल्या जोडीची पिल्लं चुकली. बारातल्या तिघांची लाली उजवीकडून निघून उजवीकडेच गेली होती.

बाईंनी डॉक्टर फोल्कर्ट हार्म्सना बोलावलं. हा उत्तरेकडचा एकतीस वर्षांचा माणूस प्रत्येक वाक्य 'तत्त्वतः'पासून सुरू करायचा. उपाहारगृहात मसूर वाढणारीलाही सांगायचा, "तत्त्वतः, थोडे कमी."

"तत्त्वतः," सूक्ष्मदर्शकातून मान वर काढत ते म्हणाले, "तुमच्याकडून डावा डोळा रंगवला गेला, श्टेंगेलेबाई. शुक्रवारची दुपार होती. माणूस थकतो."

"शुक्रवारी दुपारी मी थकत नाही, डॉक्टर. मी घरी जाते. हे सकाळचं काम आहे."

"पण डोळे आता काढलेत. कुठला रंगवला होता, ते फक्त तुमच्या वहीत."

"वहीत उजवा लिहिलंय."

"तत्त्वतः हो. पण डावं-उजवं कुणाचंही होतं. उद्या दुपारी ती टाकी रिकामी करायचीय, जागा हवीय. जोडी काढून टाका."

पुन्हा रंगवून दाखवलं तरी हा पुन्हा 'डावं-उजवं' म्हणणार, हे बाईंना दिसत होतं. जोडी गेली की ते घराणं गेलं, आणि वर हेडविगचा हात चुकतो हा शेरा कायमचा. आपला हात ज्याला लागलेलाच नाही, असा पुरावा हवा होता.

त्याच जोडीची वीस पिल्लं अजून जिवंत पोहत होती. बाईंनी टाक्या धुणाऱ्या उर्सेलकडून खारवलेल्या काकड्यांचा रिकामा डबा मागितला.

"काय गं, हेडविग, आता माशांना काकड्या?"

"तळ कापून दे आधी. मग हस."

तळ आणि झाकण गेलेल्या डब्याला बाईंनी आतून काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कागद चिकटवला. मधोमध बशी, बशीत पाकासारखा घट्ट द्रव, त्यात एक पिल्लू अडकवलेलं. अंग हलत नाही, डोळे मोकळे. भोवती डबा फिरवला की पट्टे सरकतात आणि माशाचे डोळे त्यांच्या मागे जातात. धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर बघताना आपलेही जातात. पण निरोप चुकीच्या बाजूला पोचत असेल, तर डोळ्यांना हुकूमही उलटाच मिळायला हवा.

"हा तुमचा अंदाज," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते डब्यासमोर उभे होते. टाकी रिकामी व्हायला एकच तास उरला होता.

"माझाच. फिरवा तुम्ही." बाई खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

पहिलं पिल्लू पट्ट्यांमागे. दुसरं, तिसरं, सातवं, सगळी शहाणी.

"हेडविग, हात मोडतील," दारातून उर्सेल.

"तू गप गं."

आठव्यावर डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी डबा पुन्हा फिरवला, उलटा फिरवला. पट्टे डावीकडे, डोळे उजवीकडे. पट्टे उजवीकडे, डोळे डावीकडे, आणि तेही झटके देत, हट्टानं. विसातली पाच तशी निघाली. डॉक्टरांनी टाकी रिकामी करणं थांबवलं, पाचही स्वतः वेगळी काढली, औषधात मुरवली आणि दुपारी सुई हातात घेऊन बसले.

"उजवा, डॉक्टर. नाही, अजून तोंडाजवळ... अहो, हळू! बनियनची बाही नाही ती. फाटेल."

"असं?"

"असं. आता श्वास सोडा."

सकाळी डॉक्टरांनी पाचांचे मेंदू ओळीनं मांडले आणि बाईंना खुर्ची सोडून दिली. पाचही ठिकाणी लाली उजवीकडे.

डॉक्टरांनी दोनशे अठरावर नवी चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. खाली सहीसाठी जागा सोडून पेन पुढं केलं. बाईंनी चष्मा पुसला, आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि जोडीला चिमूटभर जास्त दाणा टाकला.