जया मॅडमनी वाटलेले बॅज

जया मॅडमना बॅज फुकट द्यायला कधी जमलं नाही. शेवगावच्या पूर्वेला, जिथं कालव्याचं आश्वासन दर निवडणुकीला पोचतं आणि पाणी मात्र वाटेतच कुठंतरी राहतं, अशा एका गावात त्यांची झेडपीची शाळा. तिथं त्या मुलींचं गाईड पथक चालवायच्या. आता गाईड म्हटलं की पुष्कळ शाळांत काय असतं, ते आपल्याला माहीत आहे. सव्वीस जानेवारीला स्कार्फ बांधायचा, पाहुण्यांना सलाम ठोकायचा आणि बिस्किटाचा पुडा घेऊन घरी जायचं. मॅडमना असलं चालायचं नाही. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मैदानावर पथक उभं. गाठ सुटली की बॅज गेला. जखमेची पट्टी सैल बसली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा सरपंचांच्या पुतणीनं भाकरी करपवली, तेव्हा सरपंच स्वतः शाळेत आले आणि "द्या की हो मॅडम, कापडाचा तर तुकडा" म्हणाले. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि बॅज काही दिला नाही.

बाई कडकच होत्या. मुली त्यांना घाबरायच्या आणि शनिवारची वाटही बघायच्या, हे दोन्ही एकदमच.

मॅडमचं माहेर काष्टीचं. वडिलांचा ऊस होता, आणि तोडीला टोळी आली की फडाच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडायच्या. जया शाळेत निघायची तेव्हा तिच्याच वयाची एखादी पोर डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत असायची. आई जयाच्या हाती कोपीवर ताक पाठवायची. त्या पोरींपैकी कुणाचं नाव तिनं कधी विचारलं नाही. पुढं नोकरी लागली, बदली होऊन ती या गावात आली, आणि पहिल्याच दिवाळीत तिच्या लक्षात आलं की बांधावर कोप्या घालून राहायची ती माणसं याच भागातली. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं. उरायची म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर टाकलेली पोरं. मुलींना इथं बांधून ठेवायला काहीतरी हवं, असं मॅडमना वाटलं आणि त्यातून हे पथक उभं राहिलं.

पथकातली सर्वांत तयारीची मुलगी सुकन्या. आठवीतली, सडपातळ, कमी बोलणारी. वाल्मिक आणि छबूबाईंची थोरली. आईबाप तोडीला गेले की ती आजीजवळ, लंकाबाईजवळ राहायची. पण म्हातारी यंदा आषाढात गेली. त्यामुळं सुकन्याचं पुढं काय, याचा घोर मॅडमना पावसाळाभर लागून राहिला होता. कोपीवर नेली तर शाळा संपली. सहा महिने बुडाले की मुलगी पुन्हा वर्गात बसत नाही, हे त्यांनी कितीतरी वेळा पाहिलं होतं.

म्हणून त्यांनी एक बेत केला. बॅज द्यायचा कार्यक्रम दरवर्षी शाळेतल्या शाळेत व्हायचा. यंदा तो दसऱ्याच्या आधी, मंदिरापुढच्या पटांगणात, सगळ्या गावासमोर घ्यायचा. आपली पोर काय करू शकते ते आईबापांनी डोळ्यांनी बघावं, म्हणजे तिला फडात ओढून न्यायला त्यांचं मन धजणार नाही. बेत चांगला होता. त्यात खोट काढायला मलासुद्धा तेव्हा जमलं नसतं.

गाव लोटलं. पाहुणेरावळेही होते. मुलींनी गाठी मारून दाखवल्या, काठ्यांची डोली करून एकीला उचलून नेलं. सुकन्याच्या बाहीवर एकदम चार बॅज लागले: स्वयंपाकाचा, बाळाची निगा राखण्याचा, प्रथमोपचाराचा आणि शिवणाचा. मॅडमचा आवाज एरवी करडा, पण त्या दिवशी माइकवर तो भरून आला होता.

"ही मुलगी तीन दगडांच्या चुलीवर चाळीस माणसांचा स्वयंपाक करते," त्या म्हणाल्या. "एक भाकर करपत नाही. पहाटे हाक मारावी लागत नाही. तान्हं मूल हिच्या हातात दिलं तर आईला मागं वळून बघायची गरज नाही. माझ्या पथकात अशी मुलगी आजवर झाली नाही."

टाळ्या पडल्या. छबूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

कार्यक्रम संपल्यावर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ मॅडमकडं आले. कारभारी त्यांचं नाव. शेजारच्या गावचे, तोडीची टोळी चालवणारे मुकादम. मोठे अदबीनं बोलले.

"मॅडम, पोरगी लई गुनाची हाय. तुमी म्हनला ते समदं खरं ना?"

"मी खोटा बॅज देत नाही मामा. कुणालाही विचारा."

"आन् अंगात जोर हाय का? का नुसतीच हुशार?"

"जोर? दोघी मुलींना एकदम उचलते ती."

"वज्जं घिऊन फळीवर चढंल मग?"

"न चढायला काय झालं?" मॅडम हसून म्हणाल्या. कौतुकानं फुगलेल्या माणसाला समोरचा काय विचारतोय ते ऐकू येत नाही, तसं त्यांचं झालं.

आता हे सांगितलं पाहिजे की तोडीला एकटं माणूस धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. पोरगा कितीही दांडगा असो, बायको नसली की तो अर्धा कोयता. म्हणून टोळ्या निघायच्या आत या भागात घाईघाईनं लग्नं उरकतात. मॅडमना हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण पहाटे उठणं, चाळीस माणसांच्या भाकऱ्या, तान्ह्या पोराची निगा, हे सगळं माइकवरून सांगताना आपण कोणत्या बाजारात उभ्या आहोत, याचं भान त्यांना राहिलं नाही.

पुढच्या शनिवारी सुकन्या आली नाही. मॅडम तिच्या घरी गेल्या. पत्र्याच्या घरापुढं अंगण सारवलेलं, आणि छबूबाईंच्या तोंडावर त्यांनी कधी न पाहिलेला आनंद.

"या मॅडम. तुमच्याकडं येनारच हुते," छबूबाई म्हणाल्या. "सुकन्याचं जमलं. कारभारी मुकादमाचा थोरला. आमाला काय बोलायचं कामच पडलं न्हाई. ते म्हनले, मॅडमनी माइकवर सांगितलं, आता आजून काय बघायचं. मानाची साडी तुमालाच नेसवायची, असं ठरलंय आमचं."

मॅडम उंबऱ्यावरच बसल्या.

"छबूताई, ती तेरा वर्षांची आहे."

"मी तरी कुटं थोरली हुते?"

"कायदा आहे. मी ग्रामसेवकाला कळवलं तर मांडवातून लग्न उठेल."

छबूबाई रागावल्या नाहीत. त्या शांतपणे समोर बसल्या, आणि मॅडमना त्याच शांतपणाची जास्त भीती वाटली.

"कळवा. हितं न्हाई झालं तर तिकडं फडात लावून देतील. तिकडं कोन बघतंय? आन् मॅडम, म्हातारी गेली. पोर वयात आली. सहा म्हैने मी तिला कुनाच्या गळ्यात टाकून जाऊ? संगं न्यावी तर कोपीला दार न्हाई. मी आंघूळ आंधारात करते, आजूनबी. तुमी सांगा, काय करू?"

ज्या बाईला मॅडम अडाणी समजून समजवायला आल्या होत्या, ती आपल्या मुलीच्या काळजीनंच हे करत होती. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली. बारा वर्षं ज्या गोष्टीपासून मुलींना लांब ठेवायचं म्हणून धडपडलो, तिच्याच दारात त्यातल्या सर्वांत गुणी मुलीला आपणच नेऊन उभं केलं.

परत निघाल्या तेव्हा सुकन्या मागून पळत आली. चिंचेखाली तिनं मॅडमना गाठलं. डोळे कोरडे होते.

"मॅडम, तुम्ही त्यांना जाऊन सांगा, मला काही येत नाही म्हणून."

"काय?"

"जसं माइकवर सांगितलं तसंच सांगा. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा. पोलीस आले तर ते लपून करतील. तुम्ही सांगितलं तर ते स्वतःच नको म्हणतील."

"अगं, तुझं नाव खराब होईल गावात."

"होऊ द्या," सुकन्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅडम कारभारींच्या ओसरीवर जाऊन बसल्या. वाटेत त्यांनी मनाशी पुष्कळ घोकलं होतं, पण ज्या जिभेनं कधी वाकडा शेरा मारताना भीड धरली नाही, ती खोटं बोलताना अडखळायला लागली. चहा आला. तो तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "मामा, त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. गावासमोर बोलायचं म्हणजे कौतुक करावंच लागतं. ती मुलगी तशी नाही."

कारभारींचा हात कपावर थांबला. "म्हंजी?"

"स्वयंपाक बाकीच्या मुलींनी केला होता. हिला झोप आवरत नाही. उलट बोलते. आणि जोराचं म्हणाल तर तिला धाप लागते. वर्गात दोनदा चक्कर येऊन पडली आहे."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. आपण आपल्याच हातानं त्या मुलीला चिखलात ढकलतोय, असं त्यांना बोलताना वाटत होतं, आणि थांबायचीही सोय नव्हती.

कारभारी मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "बरं झालं बोलला. दुसरं कुनी आसतं तर गप बसलं आसतं." आणि लगेच, अगदी सरळपणे, त्यांनी विचारलं, "मंग ती दुसरी? डोली उचललेली, उंच? पूजा का काय ती. तिचं तरी खरं हाय का?"

पूजा सातवीत होती. मॅडमच्या डोळ्यांपुढून त्या दिवशीची सगळी रांग गेली. एकेकीचं नाव घेऊन, एकेकीचं कौतुक करून त्यांनी ती गावापुढं उभी केली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिचंही नाही. एकीचंही नाही मामा. वरून माणसं तपासायला येतात, आकडा दाखवावा लागतो. मी सगळे बॅज असेच वाटले."

कारभारींनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या नजरेतली अदब गेली होती. "अशी हाय व्हय सरकारी शाळा," ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

लग्न मोडलं. बातमीला पाय फुटतातच. दोन दिवसांत वाल्मिक शाळेच्या फाटकात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "माज्या पोरीला तुमी आजारी ठरिवली. आता तिला कोन करंल?" मॅडमनी खाली मान घालून ऐकून घेतलं. सरपंच मात्र खूश होते. मॅडमचे बॅज खोटे, हे ते भेटेल त्याला सांगत सुटले.

टोळीचा ट्रक निघायच्या आदल्या दिवशी छबूबाई मॅडमच्या शेवगावच्या खोलीवर आल्या. बरोबर सुकन्या, हातात कपड्यांचं बोचकं. त्या आत आल्या नाहीत.

"मोडलं तुमी," त्या म्हणाल्या. "आता राकन बी तुमीच करायची."

लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून त्या निघून गेल्या. मॅडमनी सुकन्याला आत घेतलं. बरं वाटलं का? वाटलं. पण ही एक झाली, पुढच्या दसऱ्याला काय, हा विचार त्याच क्षणी येऊन बसला.

त्या शनिवारी पथक भरेल असं मॅडमना वाटत नव्हतं. पण ज्यांचे आईबाप तोडीला गेले होते त्या सगळ्या मुली आल्या. रांग नीट होती. सुकन्या नेहमीच्या जागी उभी राहिली. पूजानं हात वर केला.

"मॅडम, आम्हाला खरंच काही येत नाही?"

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. तुम्हाला सगळं येतं, जिल्ह्यात तुमच्यासारख्या मुली नाहीत, असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. पण इथं उच्चारलेला शब्द संध्याकाळपर्यंत कुठल्या ओसरीवर जाऊन पोचेल, हे त्या आता शिकल्या होत्या.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

पूजाचे डोळे भरले. "मग बॅज कधी मिळणार?"

"अठरा पूर्ण झाल्यावर. तोवर रोज पहिल्यापासून शिकायचं."

मुलींच्या माना खाली गेल्या. एकट्या सुकन्याची मान वर होती. ती रांगेतून बाहेर आली आणि दोरी आणायला वर्गाकडं गेली.