मी प्यालेलं पाणी

शाळेतल्या सुमतीबाईंमुळे मी शिकलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पेडण्याहून बसने त्या स्वतः मला कॉलेजात दाखल करायला आल्या. रसायनशास्त्राची पदवी मिळाली, पाणी तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. आणि त्या नोकरीत मी एका विहिरीचं पाणी प्यालो.

डिचोलीतली एक खाण बंद पडली होती. तिच्या वर्कशॉपात ट्रकांसाठी डिझेलची टाकी होती, जमिनीखाली. ती गळली. तेल मातीत उतरलं आणि खालच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, विहिरीपर्यंत गेलं. दर तीन महिन्यांनी आम्ही तिथलं पाणी तपासायचो. आम्हाला नेमलं होतं खाणमालकानेच.

त्या दिवशी सगळा वाडा विहिरीवर जमला होता. पाण्याला वास येतो, अशी तक्रार होती. आमच्या कंपनीच्या साहेबांनी मला पोहरा खोल सोडायला लावला. तेल वर तरंगतं, खालचं पाणी स्वच्छ दिसतं. त्यांनी पेला भरून माझ्यापुढे धरला. लोकांना म्हणाले,

"हा पिऊन दाखवील. ह्यांच्या लोकांना सगळं पचतं."

आमच्या गाडीचा ड्रायव्हर हसला. ह्यांचे लोक म्हणजे कुठल्या जातीचे, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही.

मी प्यालो. घशात घासलेटासारखं काहीतरी उतरलं. "गोड आहे," मी म्हणालो. तसं म्हण, असं मला कोणी सांगितलेलंही नव्हतं.

मग नमुना घेतला. बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. हवा राहिली तर तेलाचा उडून जाणारा अंश त्या हवेत निसटतो आणि प्रयोगशाळेत आकडा उतरतो. साहेब म्हणाले, "थोडी रिकामी ठेव." मी ठेवली. नमुना घेणारा म्हणून खाली सहीही केली.

अहवाल चांगला आला. साहेबांनी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं. ही गोष्ट लिहायची लाज वाटते, पण खरी आहे. नोकरी दिली म्हणजे उपकार केले, असंच मी समजत होतो.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. विहिरीवर वाड्यातली पार्वती आजी कळशी भरत होती. मी विचारलं, पाणी कसं आहे?

"भाताक वास येता रे. नातू जेवणा नाय. पण तू पिलंस मां, म्हणान आमी पितंव."

ती रागावली नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवून बोलत होती. तो विश्वास मला सोसेना.

मी वरच्या थरातलं पाणी काढलं. त्यावर तेलाचे रंग फिरत होते. बाटली काठोकाठ भरली, उलटी केली. एकही बुडबुडा नव्हता.

"कमी कर," साहेब म्हणाले.

"नाही."

"डोक्यात पदवी गेली का रे? मग परत पिऊन दाखव लोकांना."

"तुम्ही प्या."

ड्रायव्हर ह्या वेळी हसला नाही. मी आजीकडे वळलो. "आजी, ती कळशी ओत. हे पाणी पिऊ नका. त्या दिवशी मी भिऊन प्यालो."

आजीने कळशी ओतली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

संध्याकाळी नोकरी गेली. आठवड्याने मी बाईंना पत्र टाकलं.

"बाई, सा. न.

नोकरी सुटली. तुम्हाला वाईट वाटेल. पण सांगायचं आहे ते वेगळं. मी माणसांसमोर खोटं बोललो आणि तीन महिने एक वाडा त्या खोट्यावर पाणी पीत राहिला. आजीचा नातू आता दवाखान्यात आहे. कशाने, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी गेलो होतो. आजीने दारातून परत पाठवलं. तिचं बरोबर आहे.

वाड्याने खाणीविरुद्ध केलेल्या तक्रारीची सोमवारी पणजीला सुनावणी आहे. बाटलीत हवा कशी ठेवली, सही कोणी केली, सगळं सांगणार. मलाही आरोपी करतील असं वकील म्हणाले. करू देत. हुकूम देणाऱ्याचं नाव मी घेणारच आहे. पण त्याआधी माझं घेईन."