पी.पी.वाली

लग्न होऊन आष्टीला आले त्या वर्षी, म्हणजे एक्याऐंशी साली, आमच्या गल्लीत फोन एकच होता. धान्याच्या मारवाडी व्यापाऱ्याच्या पेढीवर तो विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असायचा. डायलला बारीकसं कुलूप, आणि किल्ली शेटजींच्या बंडीच्या खिशात. जालन्याला बोलायचं तर सकाळी ट्रंक कॉल लावायचा, दुपारपर्यंत वाट बघायची, आणि लागला की इतकं ओरडायचं की फोन नसता तरी जालन्याला ऐकू गेलं असतं.

दहा-बारा वर्षांनी फोन आमच्याच घरी आला. नवऱ्याचा एक पाय पोलिओनं अधू, त्यामुळे अपंगांच्या कोट्यातून एस.टी.डी. बूथ मंजूर झाला. मंजुरी त्यांच्या नावावर, बसायचं मात्र मी, कारण त्यांना परतूरच्या कापूस मार्केटातून घरी यायची कधीच घाई नसायची. पिवळा बोर्ड लागला, काचेची केबिन आली, लाल आकडे पळणारं मीटर आलं. मला ते सगळं फार आवडलं. माहेरी मला बडबडी म्हणून बोलणी बसायची, इथं बडबडीचंच दुकान मिळालं.

गावातून पुण्या-मुंबईकडे गेलेला प्रत्येक माणूस माझाच नंबर लिहून न्यायचा आणि त्यापुढे पी.पी. लिहायचा. लग्नपत्रिकांवरही तसंच छापायचे. फोन दुसऱ्याचा आहे, आपण निरोप दिला की आपल्या माणसाला बोलावून आणतात, एवढा त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. अक्षरं कशाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एका लग्नात परतूरकडच्या व्याह्यांनी मला आदरानं विचारलं, "हे पी. पी. कोन तुमचे? सासरे का?" मी हो म्हणून टाकलं. माझ्या सासऱ्यांना गल्लीत एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता. पुढे पुढे मलाच लोक पी.पी.वाली म्हणायला लागले.

येणाऱ्या फोनात मिळकत काही नव्हती, उलट लाईन अडायची. पण नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. भिंतीपलीकडे एक मावशी एकटीच राहायची. नात्यातली नव्हे, शेजारची, पण गल्लीची ती मावशीच होती. तिचा एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत होता. दर बाजाराच्या दिवशी दुपारी त्याचा फोन यायचा. "वहिनी, आईला बोलवा, धा मिन्टानी करतो," एवढं बोलून तो ठेवून द्यायचा. मी जाऊन मावशीला घेऊन यायची.

अडचण अशी की मावशीला एका कानानं बिलकुल ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यानं अंदाजानंच. केबिनमध्ये जायला ती घाबरायची, दार लागलं तर काय, म्हणून. त्यामुळे ती माझ्या टेबलाशी बसायची, रिसीव्हर माझ्या कानाला, आणि तिकडचं बोलणं मी रिसीव्हरवर तळहात दाबून तिच्या चांगल्या कानाशी ओरडून सांगायची, आणि तिचं उत्तर मीच त्याला द्यायची. मधल्या माणसाचं काम म्हणजे ऐकलं तसं पुढे द्यायचं. पहिले काही महिने मी ते इमानानं केलं.

मग एकदा दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला. "तिला सांगा, येनं जमत न्हाई. औषध बराबर घे म्हनावं. ठेवतो." झालं, फोन बंद. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनून राह्यलाय गं माय?"

मी म्हटलं, "सुट्टी देऊन नाही राह्यले त्याला. तुझी लई आठवण येऊन राह्यली म्हणतो. तुझ्या हातच्या करंज्या आठवल्या म्हणतो."

मावशी पदरानं तोंड पुसून उठली आणि चार दिवसांनी करंज्यांचा डबा पुण्याला पाठवायची सोय बघत गावभर फिरली. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की विचारू नका. तिथून मी सुटलेच. तो म्हणायचा, "पाऊस झाला का?" मी सांगायची, "पावसात पत्र्याखाली झोपू नको, सर्दी होईल म्हणतो." तो म्हणायचा, "बरं हाय ना?" मी सांगायची, "रात्री स्वप्नात आली होतीस म्हणतो." थापा मारण्यात माझा हात धरणारं आष्टीत कोणी नव्हतं. आठ-नऊ वर्षं मी तिचा मुलगा चालवला, आणि चांगला चालवला.

मुलगा वाईट होता असं नाही. तोही पुण्याच्या कुठल्यातरी बूथवरून बोलायचा, मागे रांग, समोर लाल आकडे. त्या आकड्यांकडे बघत कोण आईशी गोड बोलणार? शिवाय घरात तरी त्याला कोणी गोड बोलायला शिकवलं होतं? आपल्याकडे पुरुषमाणसं जनावराच्या अंगावरून हात फिरवतात, आईशी मात्र कामापुरतं बोलतात.

पुढे हवा बदलली. किराणा दुकानासमोर नाणं टाकायचा डबा लागला, मग परतूरच्या रस्त्याला टॉवर उभा राहिला. येणारा फोन फुकट झाला आणि लोक शेतातून बोलायला लागले. माझ्या केबिनमध्ये मी कांदे ठेवायला लागले. नवऱ्यानं रिचार्जची कूपनं विकायला आणली. गिऱ्हाईक यायचं, कूपन खरवडायचं, एक शब्द न बोलता जायचं. पत्रिकांवर आता ज्याचा त्याचा नंबर छापून येत होता. धंदा बसल्याचं मला तेवढं वाटलं नाही, पण आता कुणाला माझी गरज नाही, हे लागलं.

मुलानं मावशीलाही मोबाईल पाठवला. चायनाचा, वीटभर जाड, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसावीत. तिला तो स्वच्छ ऐकू यायचा. पहिल्या दिवशी ती मला दाखवायला आली, तेव्हा मी कौतुक केलं आणि आत जाऊन उगीच भांडी आपटली.

दोन-तीन महिन्यांनी मी लाईन परत करायचा अर्ज भरून ठेवला होता. त्याच दिवशी मावशी आली आणि नेहमीच्या जागी टेबलाशी बसली.

"तुजा फोन बंद करू नको माय."

"का? तुझ्याकडे आहे की."

"तो मी पिठाच्या डब्यात टाकून देलाय. उचलतच न्हाई." मग हळूच म्हणाली, "पोरगं बदललं माजं. पावसाचं इचारतो, औषदाचं इचारतो, आन् ठेवून देतो. तुज्या फोनवर कसा जीव लावून बोलायचा. त्या मोबाईलनं बिघडवलं त्याला."

कबूल करते, ऐकून क्षणभर मला आनंद झाला. लगेच स्वतःची शरम वाटली. मावशी पुढे म्हणाली, "का बायकोनं काई सांगितलं आसंल त्याला? माजं काई चुकलं का गं?" तेव्हा मला उमगलं. मी ज्याला पुण्य समजत होते, त्यानं म्हातारीचा मुलगा तिच्याकडून काढून घेतला होता. ती आता आपली चूक शोधत बसली होती.

तिला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. तिला चहा पाजून घरी पोचवलं, आणि परत येऊन त्याच्या मोबाईलवर फोन लावला.

"आई फोन का उचलत नाही, वहिनी? मी किती येळा लावून राह्यलो," तो लगेच म्हणाला. आवाजात काळजी होती. ती मी इतकी वर्षं कधी ऐकलीच नव्हती, मी आपली भर घालण्यात गुंग.

मी सगळं सांगितलं. करंज्यांपासून सुरुवात केली. स्वप्नाचं सांगितलं, पत्र्याखाली झोपू नको ते सांगितलं. तुझ्या तोंडी मी काय काय घातलं आणि आईला ते सगळं तुझंच वाटतं, हेही सांगितलं. तो आता मला फाडून खाईल असं वाटलं, आणि मी ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती.

फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"हाय मी, हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "अजून काय काय म्हनायचो मी, वहिनी? सावकाश सांगा."

मी खुर्ची ओढून बसले आणि आठवेल तसं सांगायला लागले.