दुर्वाच्या वाट्याचं दूध

बिंदुमाधव पुराणिकांचं सगळं आयुष्य काशीतल्या शिंदे घाटावर लोकांच्या आईवडिलांची श्राद्धं सांगण्यात गेलं. माणूस देवभोळा, सरळ. पण एकदा डोक्यात काही घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. साठी उलटल्यावर त्यांनी डोक्यात घेतलं ते एक वासरू.

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्यांच्या घरची गाय व्यायली आणि नवव्या दिवशी गेली. बिंदुमाधवांची स्वतःची आई ते पाळण्यात असतानाच गेलेली. "आई नसलेल्या जिवाला दूध तरी पोटभर मिळू दे," एवढंच ते पत्नीला, मृणालिनीबाईंना, म्हणाले. कालवडीचं नाव मोठ्या हौसेनं दुर्वा ठेवलं, पण गवताची काडी तिच्या तोंडाला लागू देतील तर शपथ! कोवळं आतडं, चारा पचेल कसा? मग तीन वेळा परात भरून दूध, आणि हंबरली की चौथ्यांदा. दीड महिना झाला तरी पोरगी हाडं मोजावीत अशीच.

वसुबारस उजाडली. त्या दिवशी गल्लीतल्या मराठी घरांत गाईचं दूध कुणी घेत नाही. ते वासराच्या वाट्याचं. बायका दुर्वाला ओवाळायला आल्या आणि हातात दूध घेऊनच आल्या. शेजारच्या प्रभावतीवहिनींनी तर अख्खी कासंडी आणली. बिंदुमाधव गहिवरून परातीत ओतत गेले, आणि दुर्वा मान खाली घालून घटाघटा पीत गेली. दुपारी तिची डावी कूस फुगून टम्म झाली. ती आडवी पडली, पाय ताणून.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर इरावती धावत आल्या. रेल्वेतल्या बाबूची मुलगी, इथेच वाढलेली. त्यांनी नळी घालून वायू काढला, तसा अंगणभर आंबूस वास सुटला.

"काका, दूध परातीत पाजता ना? तीच गडबड आहे," त्या म्हणाल्या. "गाईला चार पोटं असतात. वासरी आईला मान वर करून चोखते, तेव्हा आत एक पन्हळ बनते. दूध सीधं चौथ्या पोटात जातं. असं खाली मान घालून गटागटा प्यायली की पहिल्या पोटात पडतं, आणि तिथे सडतं."

"आणि ही वाढत का नाही?"

"पहिलं पोट दुधानं वाढतच नाही. दाणा, सुकं गवत तिथे पडलं, कुजलं, तरच ते तयार होतं आणि वासरी रवंथ करू लागते. तुम्ही कामच दिलं नाही त्याला. आता दोन टाइम बाटलीनं दूध, बस. बाकी पाणी, भरडा आणि गवत. नाहीतर वाचणार नाही हं."

बिंदुमाधवांनी परात उचलून पालथी घातली. मायेनंच आपण तिला मारायला निघालो होतो!

पण खरी परीक्षा पुढेच होती. दुर्वा दुधासाठी हंबरायची आणि पूजेला बसलेल्या बिंदुमाधवांचा मंत्र चुकायचा. प्रभावतीवहिनी भिंतीवरून टोमणा मारायच्या, "भावजी, पोरक्या लेकराला उपाशी ठेवता?" ते मुठीत गवत घेऊन तासन् तास दुर्वापुढे बसत. ती हुंगे, थुंकून टाके. आठवड्यानं तिनं चार काड्या चावल्या. मग भरडा चाटला. मग पाटीत तोंडच घालू लागली.

देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बिंदुमाधव घाटावरून लवकर परतले. दुर्वा उन्हात बसली होती. पुढ्यात पाटी रिकामी, परातीचा तर पत्ताच नाही. डोळे अर्धे मिटलेले, आणि जबडा सावकाश हलत होता.

"अगं, ये, बघ!" त्यांनी हाक मारली.

मृणालिनीबाई हात पुसत आल्या. "अहो, काही नाही तिच्यापुढे. काय खातेय?"

"सकाळचंच," बिंदुमाधव म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे टिपत तिच्याशेजारी मातीतच बसले.